अथेन्सचा कचरा कोण उचलायचं? (ग्रीक नगरराज्यांचा कारभार)

शिलालेखी

शाळेच्या पुस्तकात ग्रीक नगरराज्यांना दोन ओळी मिळायच्या. अथेन्समध्ये प्रत्यक्ष लोकशाही, स्पार्टामध्ये लष्करी शिस्त. जोड्या लावा, दोन मार्क घ्या, पुढे रोमन साम्राज्य. डोंगरावर हजारो लोक जमलेत आणि हात वर करून मत देतायत, इथपर्यंतचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. मला पडणारा प्रश्न त्यापुढचा आहे. सभा उठली, लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव कोण चालवायचं?

याचं उत्तर एका मजेदार ठिकाणी सापडतं. ॲरिस्टॉटलच्या शाळेने १५८ राज्यांच्या राज्यघटनांची माहिती गोळा केली होती. त्यातली फक्त अथेन्सची जवळजवळ पूर्ण हाती लागली, तीही इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर, आणि १८९१ साली छापून आली. तिच्या उत्तरार्धात इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अधिकाऱ्यांची यादीच आहे. शहराची देखरेख करायला १० जण, ५ अथेन्सला आणि ५ पिरेयस बंदराला. कामं कोणती? मैला वाहणाऱ्यांनी तटाच्या १० स्टेडियाच्या आत (साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर) घाण टाकायची नाही. कुणी रस्त्यावर बांधकाम पुढे काढायचं नाही, सज्जा लोंबवायचा नाही. रस्त्यात बेवारस मेलेल्याला उचलून न्यायचं. आणि बासरीवाल्या मुलींनी एका रात्रीचे २ द्राख्मांहून (द्राख्मा म्हणजे चांदीचं नाणं) जास्त घेऊ नयेत हेही बघायचं. एकाच बासरीवालीवर दोन गिऱ्हाइकं अडून बसली तर? चिठ्ठी टाकायची!

बाजारावर १० जण वेगळे, वजनमापांवर १० वेगळे, धान्याच्या भावावर आणखी वेगळे. अशी शेकड्यांनी पदं. जवळजवळ सगळी एका वर्षाची, आणि जवळजवळ सगळी सोडतीने. निवडणुकीने नव्हे.

आता वरचा मजला बघू. क्लेइस्थेनीस या सुधारक पुढाऱ्याने इ.स.पू. ५०८-७ च्या सुमारास जुने कुळांचे गट मोडले. सगळा ॲटिका प्रदेश १३९ गाववस्त्यांत धरला आणि त्यांतून १० नव्या जमाती केल्या. प्रत्येक जमातीत एक तुकडा शहरातला, एक किनाऱ्याचा, एक आतल्या भागाचा. म्हणजे एका खानदानाची एका खोऱ्यात चालणारी दादागिरी खलास. प्रत्येक जमातीतून ५० जण सोडतीने, अशी ५०० जणांची परिषद. तिशी ओलांडलेली हवी, आणि जन्मात दोनदाच बसता येतं. वर्षाचे १० भाग पाडलेले, एकेका भागात एकेका जमातीचे ५० जण रोजचा कारभार बघणार. त्या ५० मधून रोज एकाचं नाव निघायचं. तो एक रात्र आणि एक दिवस अध्यक्ष. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहर त्याच्याकडे. हे पद आयुष्यात एकदाच! वर्षाला साडेतीनशेच्या वर माणसं राज्याचे प्रमुख होऊन घरी जात.

सोडतीचं यंत्रही होतं. दगडाची उभी शिळा, तिच्यात ओळींनी खाचा. न्यायालयात बसायला आलेला माणूस आपल्या नावाची पट्टी खाचेत घालणार. बाजूच्या नळीतून काळे-पांढरे ठोकळे खाली येणार. पांढरा आला की ती अख्खी ओळ आत, काळा आला की ती ओळ घरी. वशिल्याला जागाच नाही.

पण सोडत म्हणजे येडागबाळा कुणीही, असं नव्हतं. पद हाती घेण्याआधी तपासणी. मोठ्या अधिकाऱ्यांना विचारत: बाप कोण, आईचा बाप कोण, घराण्याची थडगी कुठे आहेत, आईबापांना नीट सांभाळतोस का, कर भरलास का, लढाईला गेलास का? आणि वर्ष संपलं की हिशेब. तो पास होईपर्यंत देश सोडायचा नाही, मालमत्ता देवाला वाहायची नाही. हा दुसरा नियम ज्याने केला त्याने माणसं ओळखली होती.

ॲरिस्टॉटल तर लिहितो की सोडत ही लोकशाहीची रीत मानली जाते आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. कारण निवडणुकीत नाव, पैसा आणि जीभ असलेलाच निवडून येतो. माझं मत सांगतो. अथेन्सची लोकशाही सभेपेक्षा या सोडत-तपासणी-हिशेबावर उभी होती, आणि आपण उगाच त्या डोंगराकडे बघत बसतो.

मंडळींना काय वाटतं?

---

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. बासरीवालीसाठी चिठ्ठी हे वाचून चहा सांडला.

---

वैतागलेला वांद्रेकर

लेख छान, पण हे जरा गुलाबी चष्म्यातून झालंय. सोडतीने माणसं नेमणारं हेच अथेन्स इ.स.पू. ४०६ मध्ये काय करतं? अर्जिनुसाईची समुद्री लढाई जिंकतं. जिंकून आलेल्या सेनापतींना वादळात बुडणारे खलाशी वाचवले नाहीत म्हणून सभेत उभं करतं, आणि आठ जणांना एकगठ्ठा मृत्युदंड देतं. सहा हाताशी होते ते मारले. नंतर पश्चात्ताप! त्याआधी इ.स.पू. ४२७ ला मिटिलिनी या अंकित मित्रनगराने बंड केलं तर ठराव काय, सगळे पुरुष मारा, बायकापोरं विका. जहाज सुटलं. दुसऱ्या दिवशी झोप उडाली, परत सभा, परत मत, थोडक्या फरकाने ठराव फिरला आणि दुसरं जहाज पहिल्याच्या मागे पिटाळलं. वल्हवणारे वल्ह्यावर बसूनच तेल आणि वाइनमध्ये कालवलेलं सातूचं पीठ खात होते म्हणे, तेव्हा कुठे वेळेत पोचलं. ही राज्य चालवायची पद्धत आहे का?

आणि ३९९ ला सॉक्रेटिस. तो निकाल तुमच्या त्या सोडतीच्या ज्युरीनेच दिला ना?

---

शिलालेखी

@वांद्रेकर, तुमची पहिली दोन उदाहरणं माझ्याच बाजूने साक्ष देतायत. सेनापतींना मारलं ते सभेने, सोडतीच्या अधिकाऱ्यांनी नव्हे. सगळ्यांचा निवाडा एका मतात करणं कायद्याला धरून नव्हतं. त्या दिवशी ठराव मताला घालायला नकार देणारा माणूस परिषदेच्या अध्यक्षमंडळात बसला होता, आणि तो तिथे सोडतीने आला होता. त्याचं नाव सॉक्रेटिस. निवडून यायचं असतं तर तो गृहस्थ कधी निवडून आला असता असं वाटत नाही.

मिटिलिनीत सभेने चोवीस तासांत मत फिरवलं याला मी दोष म्हणणार नाही. मात्र दुसऱ्या मतानंतरही बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं मारली असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो, तेव्हा दयेचे गोडवे मीही गाणार नाही.

सॉक्रेटिसच्या खटल्याचं म्हणाल तर ज्युरी सोडतीची होती, बरोबर. पण ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं प्लेटो त्याच्या तोंडी घालतो. आणि पाच वर्षांपूर्वीच 'तीस जुलूमशहां'ची (अथेन्स हरल्यावर स्पार्टाच्या पाठिंब्याने बसलेली) राजवट होऊन गेली होती. त्यांचा पुढारी क्रिटियास सॉक्रेटिसच्या बैठकीतला. ४०३ च्या माफीमुळे त्या काळातल्या गोष्टींवर उघड खटला भरता येत नव्हता. राग कुठून तरी बाहेर पडणार होता.

---

जाईजुई

प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. 'सगळे' म्हणजे किती आणि कोण? बायका?

---

खडूमास्तर

जाईजुई, बाळबोध मुळीच नाही, सगळ्यात आधी विचारायचा तोच प्रश्न. बायका नाहीत. गुलाम नाहीत. बाहेरून येऊन राहिलेले 'मेटिक' नाहीत. ते कर भरत (पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा, एकट्या बाईला ६), लढाईला जात, पण मत नाही. लिसियास हा इतका नावाजलेला भाषणलेखक, दुसऱ्यांना कोर्टात बोलायला भाषणं लिहून द्यायचा, पण स्वतः मेटिक. अथेन्सचा सर्वांत वजनदार पुढारी पेरिक्लीस, त्याने इ.स.पू. ४५१ मध्ये नियम आणखी आवळला: आई आणि बाप दोघेही अथेन्सचे हवेत. मग स्वतःची औरस मुलं साथीत गेली, आणि आस्पासिया या परगावच्या जोडीदारणीपासून झालेल्या मुलाला नागरिक करून घ्यायला त्यालाच लोकांपुढे पदर पसरावा लागला. वांद्रेकरांच्या त्या सहा सेनापतींमध्ये हा मुलगाही होता, हे जाता जाता.

आकडा हवा तर इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटी झालेल्या मोजणीत २१,००० नागरिक आणि १०,००० मेटिक सांगितलेत. गुलामांचा दिलेला आकडा इतका फुगलेला आहे की कुणी धरत नाही.

---

आडगावकर

मास्तर, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाएवढे मतदार आणि एवढा बोलबाला!

ग्रामसभेला माणसं जमत नाहीत ही तक्रार त्यांच्याकडं होती का?

---

खडूमास्तर

होती तर! लाल रंगात भिजवलेला दोर घेऊन चौकात रेंगाळणाऱ्यांना सभेकडे हाकत. कपड्याला रंग लागला की सगळ्यांना कळलं, स्वारी टाळत होती. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२५ च्या नाटकात याची टर उडवलेली आहे. नागरिकत्व देण्यासारख्या काही ठरावांना ६,००० जणांची अट होती. पुढे इ.स.पू. ३९० च्या दशकात सभेला येण्याचे पैसेच सुरू केले. आधी १ ओबोल (६ ओबोल म्हणजे १ द्राख्मा), मग २, मग ३. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत साध्या सभेला ६ आणि मुख्य सभेला ९.

---

तेलकट_तवंग

आणि पैसे कुठून यायचे? मित्रराज्यांच्या खंडणीतून. डेलोसच्या संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये उचलून अथेन्सला आणला. अथेन्स-स्पार्टातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या तोंडावर वर्षाला ६०० टॅलेंट (१ टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा) येत होते असं थ्युसिडिडीस पेरिक्लीसच्या तोंडून सांगतो. दुसऱ्यांच्या पैशांवर लोकशाही करायला काय लागतं?

---

शिलालेखी

तेलकटराव, मास्तरांचा प्रतिसाद परत वाचा. सभेचा भत्ता सुरू झाला इ.स.पू. ३९० च्या दशकात, आणि साम्राज्य बुडालं ४०४ मध्ये. खंडणी बंद झाल्यावर खर्च वाढवलाय. ज्युरीचा भत्ता (पेरिक्लीसचे २ ओबोल, नंतरचा पुढारी क्लिऑनने केलेले ३) साम्राज्याच्या काळातला, तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

बाकी पैसा श्रीमंतांच्या मानगुटीवर बसून काढत. युद्धनौका वर्षभर चालवायचा खर्च एका धनिकावर, नाटकाच्या समूहाचा खर्च दुसऱ्यावर. 'मला नको, तो अमुक माझ्याहून गबर आहे' असं म्हणायची सोय होती. मग त्या अमुकाने एक तर काम पत्करायचं, नाहीतर दोघांनी आपली सगळी मालमत्ता अदलाबदल करायची. स्वतःची संपत्ती लपवून दुसऱ्याकडे बोट दाखवणं महागात पडायचं.

---

काटेकोरांटी

एक राहिलं. सेनापती सोडतीने नसत, ते हात वर करून निवडत. दरवर्षी १०, आणि कितीही वेळा उभं राहता येई. पेरिक्लीस ओळीने १५ वर्षं निवडून आला. त्याच्या हातात दुसरं मोठं पद नव्हतं. म्हणजे जिथे जीव जायची वेळ येते तिथे अथेन्सकरांनाही सोडत नको होती. धाग्यातली मांडणी या मुद्द्यावर जरा लंगडते.

---

निखारा

अथेन्स, अथेन्स, अथेन्स. पलीकडे स्पार्टा बसलंय त्याच्याबद्दल कुणी बोला रे. मीच बोलतो.

दोन राजे, एकाच वेळी, दोन वेगळ्या घराण्यांतले (आगिआड आणि युरिपॉन्टिड). त्यांच्यावर ५ एफर म्हणजे देखरेख करणारे अधिकारी, दरवर्षी निवडलेले. दर महिन्याला शपथ व्हायची. राजा म्हणणार, मी कायद्याने राज्य करीन. एफर शहराच्या वतीने म्हणणार, तू तसं केलंस तर तुझं राज्य आम्ही अबाधित ठेवू. दर महिन्याला! शिवाय नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की दर नऊ वर्षांनी एफर बिनचंद्राच्या स्वच्छ रात्री आकाशाकडे बघत बसत. उल्का पडलेली दिसली की राजाने देवांचा अपराध केलाय असं धरून त्याला बाजूला करता येई.

वर ज्येष्ठांची सभा: २८ म्हातारे अधिक दोन राजे. वय साठच्या पुढे, पद मरेपर्यंत. त्यांची निवड कशी होई तर काही जणांना एका घरात कोंडत, त्यांना बाहेरचं दिसू नये असं. उमेदवार एकेक करून जमावापुढून जाणार, लोक ओरडणार. कोंडलेल्यांनी कितव्या उमेदवाराला सर्वांत मोठा आवाज झाला ते लिहायचं. ॲरिस्टॉटल याला पोरखेळ म्हणतो. मला मात्र त्यात अक्कल दिसते, परीक्षकाला उमेदवार दिसतच नाही.

आणि या सगळ्याच्या खाली हेलॉट. शेजारचा मेसेनिया प्रदेश जिंकून तिथल्या लोकांना जमिनीला बांधलं. एफर दरवर्षी अधिकृतपणे हेलॉटांविरुद्ध युद्ध जाहीर करत, म्हणजे हेलॉटाला मारलं तर पाप लागत नाही! स्पार्टाची शिस्त शिस्त म्हणून जे कौतुक चालतं ते शेजघरात शत्रू पोसल्याच्या भीतीचं आहे.

---

काटेकोरांटी

+१. आणि बुडालं ते जेवणाच्या हिशेबात. प्रत्येक स्पार्टन पुरुषाला पंगतीच्या मंडळाला धान्य, वाइन, चीज, अंजीर द्यावं लागे. वाटा देता आला नाही की नागरिकत्व गेलं. जमीन थोड्या घरांत साठत गेली. इ.स.पू. ४८० च्या इराणी स्वारीच्या प्रसंगात इतिहासकार हेरोडोटस ८,००० स्पार्टन सांगतो. ल्युक्ट्राच्या लढाईत ३७१ मध्ये थिबीस या नगरराज्याने ठेचल्यानंतरची स्थिती सांगताना ॲरिस्टॉटल लिहितो, हजारसुद्धा उरले नव्हते. आणि पाचातली दोन हिश्शे जमीन बायकांच्या नावावर होती म्हणून कुरकुरतो. जाईजुई, हे तुमच्यासाठी.

---

जाईजुई

कुरकुरू दे त्याला.

---

मातीचं मडकं

कुणी खापरांचा विषय काढलाच नाही. वर्षातून एकदा अथेन्सकर विचारायचे, यंदा कुणाला हाकलायचं आहे का? हो म्हणाले तर नंतर एका दिवशी खापरावर नाव खरवडून टाकायचं. किमान ६,००० खापरं पडली तर ज्याचं नाव जास्त तो १० वर्षं बाहेर. गुन्हा नाही, खटला नाही, मालमत्ता शाबूत. इ.स.पू. ४८७ ला पहिला गेला. ४८२ ला अरिस्टिडीस हा पुढारी. त्याची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. एक अडाणी शेतकरी त्यालाच न ओळखता म्हणाला, यावर अरिस्टिडीस लिहून दे. का बाबा, त्याने तुझं काय वाकडं केलं? काही नाही, जिकडेतिकडे त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळलोय. त्याने मुकाट्याने लिहून दिलं.

गोष्ट खरी असो नसो, पुरावा बघा. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० खापरं सापडली. जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव, आणि अक्षरं मोजक्या १४ हातांची. म्हणजे आधीच लिहून ठेवलेली, वाटायला! पक्षाचे कार्यकर्ते तेव्हाही होते.

सिसिलीतल्या सिरॅक्यूज नगराने हीच रीत उचलली, ऑलिव्हच्या पानावर नाव आणि ५ वर्षं बाहेर. तिथे भल्या माणसांनी भीतीने राजकारणच सोडलं म्हणून लवकर गुंडाळली.

---

दिंडीदरवाजा

सोडतीवरून आठवलं. आपल्याकडे महापौर आणि सरपंचपदाचं आरक्षण सोडतीनेच ठरतं, समान मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी. पण अथेन्सच्या जवळ जाणारं उदाहरण तमिळनाडूत उत्तरमेरूरला आहे. पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख. ३० वॉर्ड, ताडपत्रावर नावं, मडक्यात टाकायची आणि लहान पोराने काढायची. वय ३५ ते ७०, जमीन आणि स्वतःचं घर हवं. आणि पूर्वी समितीवर असून हिशेब न देणारा बाद, त्याचे नातेवाईकही बाद! लोकशाही म्हणू नका, ब्राह्मणांच्या गावाची सभा होती. पण हिशेबाची अट बघून शिलालेखी खूश होतील.

आणि निखारासाठी: सिकंदराची फौज सिंधूच्या मुखाकडच्या पाटल नगरात पोचली, तिथली व्यवस्था स्पार्टासारखी होती असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. दोन घराण्यांतले दोन वंशपरंपरागत राजे युद्धापुरते, बाकी सत्ता ज्येष्ठांच्या सभेकडे. ग्रीकांनी आपल्या चष्म्यातून पाहिलं असेल, तरी मजा आहे.

---

खडूमास्तर

या दोन गावांपलीकडेही बघा. कोपनहेगनच्या संशोधकांनी यादी केली तेव्हा अशी १,०३५ राज्यं भरली, बहुतेक चिमुकली. ग्रीसमधला दगडावर टिकलेला सर्वांत जुना कायदा अथेन्सचा नाही, क्रीटमधल्या ड्रेरोसचा आहे, इ.स.पू. ६५० च्या आसपासचा. त्यात काय असेल? एकदा 'कोस्मोस' (गावाचा मुख्य अधिकारी) झालेल्याने १० वर्षं परत व्हायचं नाही. लोकशाहीचा पत्ता नव्हता तेव्हा खानदानी लोकांनी एकमेकांवर घातलेला हा लगाम.

अथेन्सच्या शेजारच्या बिओशिया प्रदेशात संघराज्य होतं. ११ विभाग, प्रत्येकाने एक सेनापती आणि ६० सभासद पाठवायचे. त्यांच्या गावांत चार परिषदा आळीपाळीने विषय आधी घेत, मग चौघींची संमती लागे. मालमत्तेची अट मात्र होती. आणि इटलीतल्या लोक्रीत नवा कायदा सुचवायचा तर गळ्यात फास अडकवून उभं राहायचं, नामंजूर झाला तर तिथेच ओढायचा. अथेन्सचा नामांकित वक्ता डेमॉस्थेनीस कोर्टात हे मोठ्या चवीने सांगतो.

---

वैतागलेला वांद्रेकर

हा लोक्रीवाला नियम आपल्याकडे आणा. मी वर्गणी देतो.

पण माझा मूळ मुद्दा उरतोच. दरवर्षी नवे हौशी लोक, मग काम माहीत कुणाला?

---

शिलालेखी

आता नेमक्या जागी बोट ठेवलंत. काम माहीत असायचं गुलामांना. राज्याच्या मालकीचे गुलाम असत: कागदपत्रं सांभाळणारे, नोंदी ठेवणारे, सभेत आणि रस्त्यात बंदोबस्ताला सिथियन तिरंदाज. अगोरात (अथेन्सच्या बाजारचौकात) सापडलेला इ.स.पू. ३७५-४ चा एक कायदा आहे. बाजारात नाणं खरं की खोटं हे राज्याचा गुलाम पारखणार, आणि त्याने खरं म्हटलं की व्यापाऱ्याने ते घेतलंच पाहिजे. नाही घेतलं तर त्या दिवशी मांडलेला माल जप्त. नागरिक व्यापाऱ्याला गुलामाचा शब्द मानावा लागे. पण तोच गुलाम जागेवर बसला नाही किंवा नीट पारखलं नाही तर ५० फटके.

साहेब वर्षाने बदलतात आणि हेडक्लार्क तिथेच असतो, तसलाच प्रकार. फरक इतकाच की या हेडक्लार्कला मत नाही, म्हणून तो सत्ता बळकावेल ही भीतीही नाही. काटेकोरांटींचा सेनापतींचा मुद्दा आणि हा, दोन्ही मिळून माझी मांडणी अशी होते: कौशल्य लागेल तिथे अथेन्सने एक तर निवडणूक ठेवली नाहीतर गुलाम ठेवला, आणि सत्ता म्हणून जे काही उरलं ते सोडतीला दिलं.

---

आडगावकर

मग बंद कसं पडलं हे सगळं?

---

शिलालेखी

बाहेरून. इ.स.पू. ३२२ मध्ये अथेन्स मॅसिडोनियाशी हरलं. जिंकलेल्या मॅसिडोनियन सेनानी अँटिपेटरने अट घातली: २,००० द्राख्मांची मालमत्ता असेल तोच नागरिक. उरले सुमारे ९,०००. प्लुटार्कच्या हिशेबाने १२,००० वगळले गेले. दोन्हींची बेरीज करा, मास्तरांचा २१,००० येतो.

नंतर लोकशाही काही वेळा परत आली, परत गेली. परिषद आणि सोडत मात्र चालू राहिली. अगोराच्या संग्रहालयात ती सोडतीची शिळा बघायला जाल तर लक्षात ठेवा, टिकलेल्या दगडी शिळा बहुतेक या पडत्या काळातल्याच आहेत.

---

मधली_सुट्टी

बिओशियावर वेगळा धागा काढा मास्तर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.